दिवाळीला जाणारा काळा शिंजीर

डिसेंबरातल्या एका दुपारी धाकट्या दिरांनी फोनवर एका भिंतीचे फोटो पाठवले. भिंत देवगाव फाट्यापासून आत असलेल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेची. तिच्यावर चौकटी आखल्या होत्या. प्रत्येक चौकटीत एक पक्षी, त्याखाली मराठी नाव, आणि नावाखाली एक रिकामी ओळ. फोटोंच्या मागोमाग त्यांचा आवाज आला.

"वैनी, त्या रिकाम्या वळीत इंग्रजी नावं टाकायचीत. तुमी पेपरात होता. पाठवा बरं पटापटा."

मी उलट विचारलं, इंग्रजी की शास्त्रीय?

"बाई म्हनल्या तिरक्या अक्षरातलं. जे काय आसंल त्ये. आन् त्याच्याखाली त्याचं कूळ."

दीर पेंटर आहेत. फाट्यावरच्या आणि सेलूतल्या कित्येक दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि पाट्या थांबल्या. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं ते आणि धाकट्या जाऊबाई दसरा झाला की ऊसतोडीला गेले. आमच्या घरातून कोयता घेऊन जाणारे ते पहिलेच. यंदा ते गेले नव्हते, कारण पंधरा ऑगस्टनंतर शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्यांना ही भिंत दिली होती. मुख्याध्यापिकेला गावात सगळे मोठ्या बाई म्हणतात. भिंत सव्वीस जानेवारीला दाखवायची होती. शेजारच्या दोन गावांतल्या शाळा ती बघून आपापल्या भिंतींचं ठरवणार होत्या. भिंत पसंत पडली तर पुढच्या दसऱ्याला घर सोडायचं कारण उरणार नव्हतं. नाही पडली तर कोयता भिंतीला टेकवून ठेवलेला होताच.

शाळा समितीच्या अध्यक्षांना सुरुवातीपासून फ्लेक्स हवा होता. तो सेलूत एका दिवसात छापून मिळतो. मोठ्या बाईंनी हट्टाने रंगाचं काम धरलं होतं, आणि त्याबरोबर एक नियम घातला होता. भिंतीवर येणारा प्रत्येक पक्षी शाळेच्या आवारातून दिसलेला असला पाहिजे. समितीच्या ठरावात दहा पक्षी लिहिले होते. फोटोत दहा चौकटी भरल्या होत्या.

मी तालुक्याच्या बातम्यांच्या पानावर बरीच वर्षं काम केलं. आता घरी बसून दुसऱ्यांचा मजकूर तपासते. एक सवय तेवढी राहिली आहे. नाव छापायचं असेल तर ते दोन ठिकाणी पाहायचं, आणि दोन्ही ठिकाणी तेच निघालं तर लिहायचं. चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल, वेडा राघू, खंड्या, कोतवाल यांना एक संध्याकाळही लागली नाही. शेवटच्या रांगेत मात्र अडकले.

त्या रांगेत तीन लहान पक्षी होते. तिघांची चोच सारखी, बारीक, लांब, खाली वाकलेली. पहिला काळा, उन्हात जांभळट चमकणारा. दुसरी वरून मातकट आणि पोटाला फिकट पिवळी. तिसरा दुसरीसारखाच, पण त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. ब्रशच्या एका ओढीत मारावी तशी. खालचा मजकूर असा होता:

काळा शिंजीर. दिवाळीला जातो, होळीला येतो.

पिवळी फुलचुखी. बारमाही.

पट्टेवाला शिंजीर. हिवाळी पाहुणा.

घरात पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक होतं. नवं एक वाचनालयातून आणलं. दोन्ही पुस्तकांत या तिघांची चित्रं एकाच पानावर, एकमेकांशेजारी होती, आणि नाव एकच होतं: जांभळा शिंजीर. काळा तो विणीच्या दिवसांतला नर. पिवळी ती मादी. आणि रेघ असलेला तो पुन्हा तोच नर, विणीचे दिवस संपल्यावर पिसं बदललेला. पावसाळा सरता सरता त्याची काळी पिसं गळतात, तो मादीसारखा दिसू लागतो, आणि गळ्याखालची एवढी रेघ जुनी खूण म्हणून राहते. थंडी ओसरू लागली की तो परत काळा होतो.

म्हणजे भिंतीवर दहा पक्षी नव्हते. आठ होते.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण दोन पुस्तकांतलं शास्त्रीय नाव जुळत नव्हतं. जुन्यात होतं नेक्टारिनिया एशियाटिका. नव्यात सिनिरिस एशियाटिकस. एकाच पक्ष्याच्या नावातला पहिला शब्द पार बदललेला आणि दुसऱ्याचं शेपूट तेवढं वेगळं. छपाईची चूक असेल असं पहिल्यांदा वाटलं. ती नव्हती. पूर्वी जगभरचे बहुतेक शिंजीर नेक्टारिनिया या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातलेले होते. पुढे त्यांच्यातलं नातं बारकाईने पाहिलं गेलं, तेव्हा ती प्रजाती फोडून अनेक केल्या, आणि आपला शिंजीर सिनिरिसमध्ये गेला. त्याच्याही आधी, पहिल्यांदा नाव मिळालं तेव्हा, त्याला झाडाच्या सालीवर चढणाऱ्या एका भलत्याच पक्ष्याच्या प्रजातीत टाकलं होतं. दोघांची चोच वाकडी, एवढ्यावरून.

हे वाचताना मला जास्त कुतूहल वाटलं ते न बदललेल्या भागाचं. प्रजाती बदलली तरी कुल तेच राहिलं होतं. नेक्टारिनिइडी, म्हणजे सगळ्या शिंजिरांचं आणि त्यांच्याहून मोठ्या चोचीच्या कोळीखाऊंचं घर. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याची माणसं पसरलेली. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग फुलटोचे. त्यांची चोच आखूड असते, आणि खेड्यापाड्यांत त्यांनाही फुलचुखीच म्हणतात. आणि ज्यांच्याशी शिंजिराची गाठ लोक हमखास घालतात, त्या हमिंगबर्डचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. ते अमेरिकेतले. त्यांचं नातं पाकोळ्यांशी. डेस्कवर दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी यायची, आपल्या जिल्ह्यात हमिंगबर्ड आढळला. सोबत घराच्या तारेवर बसलेल्या शिंजिराचा फोटो असायचा. मी ती बातमी काढून टाकायची आणि वार्ताहर नाराज व्हायचा. फुलातला मध काढायचं काम दोघांकडे आलं, म्हणून दोघांची हत्यारं सारखी झाली. घराणी लांबची लांबच राहिली.

भावजींना फोन केला आणि तिघं एकच आहेत असं सांगितलं.

"वैनी, मी डोळ्यानं बघितलेत. घरी बसून पुस्तकातून न्हाई काढले."

"तिघं एकाच वेळी पाहिलेत?"

"आता काळा कुठून दिसंल? त्यो गेलाय की. दिवाळीलाच गेला. वर लिवलंय ना."

"गेला कशावरून?"

"सारं गाव सांगतंय. लहानपणापासून ऐकतोय आमी."

"आणि पट्टेवाला दिवाळीलाच आला?"

"हा. एक गेला, एक आला. पाव्हणा हाय त्यो."

मी म्हटलं, एखाद्याच्या घरून एक माणूस निघून जातो आणि त्याच दिवशी त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा येऊन राहतो, तर तुम्ही काय म्हणाल? ते म्हणाले, "खामखा मला कोड्यात घालू नका. मोठ्या बाईंनी इचारलं तर मी काय सांगू, दोन चौकटी पुसू का?"

मोठ्या बाईंनी विचारलंच. रिकाम्या ओळींत नावं का आली नाहीत म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी जे वाचलं ते सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चुकीचं लेकरांना वाचायला देणार नाही मी. त्यापेक्षा चुना मारलेला बरा." पुढे म्हणाल्या, "पण आठ राहिले तर अध्यक्ष ठराव काढून दाखवतील. फ्लेक्सचा नमुना त्यांच्या फोनमध्ये तयारच आहे." मग म्हणाल्या, "पेंटरला पटलं पाहिजे हो. त्याला न पटता मी पुसायला लावलं तर त्याचा हात चालायचा नाही."

संक्रांत झाल्यावर मी गेले. परभणीहून रेल्वेने सेलू, तिथून जीपने फाटा, फाट्यावरून भावजींच्या गाडीवर. वाटेत त्यांनी पक्ष्यांचा विषय काढला नाही. हरभरा कसा आलाय ते सांगत राहिले. गावात शिरल्यावर कुलपं लावलेली घरं रांगेने दिसली. दारांवर दसऱ्याची तोरणं वाळून काळी पडली होती. या दिवसांत अर्धं गाव साखर कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडात असतं. मागे राहिलेल्या लेकरांची सोय शाळेतल्या हंगामी वसतिगृहात असते.

शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ जास्वंदीचं मोठं झुडूप आहे. भिंत तिथून समोरच. मोठ्या बाईंनी आम्हाला दोन खुर्च्या दिल्या आणि त्या वर्गावर गेल्या. आम्ही बसलो. पिवळी मादी लवकर आली. एका फुलाच्या देठाशी चोच खुपसून पुढच्या फुलावर गेली. तिच्या मागून दुसरा पक्षी आला, आणि भावजी खुर्चीतून अर्धे उठले.

"चौथा!"

मी बघितलं. पोट पिवळं, गळ्याखाली रेघ, पण रेघेच्या दोन्ही बाजूंना काळ्या पिसांचे ठिपके. खांद्यावर एक डाग, तो उन्हात निळा चमकला. डोक्याची एक बाजू काळवंडलेली, दुसरी मातकट. एकंदरीत, कोणी त्याच्यावर शाई झटकली असावी असं वाटत होतं.

"वैनी, ह्यो नवाच हाय! काळ्यात न्हाई आन् पट्ट्यात न्हाई. आता अकरा झाले बघा. अध्यक्षाला सांगा, एक जास्तीचा दिला." ते खरोखर खूश झाले होते.

आधी त्यांनी तीन केले होते, आता चार. प्रत्येक वेळी जे दिसलं ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं. डागांची जागासुद्धा त्यांनी खडूने खुर्चीच्या पाठीवर लगेच टिपून ठेवली. चूक पाहण्यात नव्हती, हे मला तिथे कळलं. पण मग ती कशात होती, ते कळत नव्हतं. लहानपणापासून हा पक्षी बघणाऱ्या गावात एकालाही तो रंग बदलताना दिसला नसेल, हे कसं?

उत्तर जेवताना मिळालं. भावजींचं घर शाळेपासून जवळ आहे. दाराशी शेवगा. धाकट्या जाऊबाई, मी तिला धाकटीच म्हणते, चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मी तिला विचारलं, काळा पक्षी दिवाळीला जातो हे तुला कोणी सांगितलं?

"कोन कशाला सांगंल, आक्का? आमी टोळीत निघायचो तवा शेवग्यावर त्यो आसायचा, पर जरा वंगाळ दिसायचा. उतरलेला. मी म्हनायची, ह्ये बी निघालंय वाटतं. आन् आमी पाडव्याच्या आगुदर घरी आलो की ह्ये हजर. काळंकुट्ट, चकचकीत. आमच्याबरोबर गेलं, आमच्याबरोबर आलं."

"आणि मधल्या महिन्यांत?"

"मधल्या म्हैन्यात आमी कुठं हितं व्हतो?"

ती भाकरी उलटत म्हणाली. भावजींनी हातातला घास तसाच ठेवला.

"तुझी आई बी जायची," ते तिला म्हणाले. "तिची बी आई. मी दोन वर्षं सोडलं तर पेंटिंगच्या दुकानात फाट्यावर. शेवग्याकडं कोन बघतंय?"

"यंदाच बघायलाव आपुन," धाकटी म्हणाली. "यंदाच त्यो पट्ट्याचा दिसला. मी तर तुमाला दाखवला. म्हनलं, ह्यो कोन नवीन आलाय आपल्या झाडावर."

पक्षी कुठेच जात नव्हता. जाणारे हे होते. ज्या महिन्यांत तो रंग उतरवतो आणि पुन्हा चढवतो, ते महिने या घरांच्या दाराला कुलूप. दोन टोकं यांनी नीट पाहिली होती, आणि मधला भाग आपल्याच येण्याजाण्यावरून भरून काढला होता. तो इतका चपखल बसला की मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तेच म्हणायला सुरुवात केली असावी.

"मग ह्यो आजचा ठिपक्याचा?" धाकटीने विचारलं.

भावजी उठले, हात धुतले आणि शाळेकडे चालू लागले. मी मागून गेले. जास्वंदीवर तो ठिपक्यांचा पक्षी परत आलेला होता. भावजी टाकीच्या कट्ट्यावर बसून त्याच्याकडे पाहत राहिले. शाळा सुटली, लेकरं वसतिगृहाच्या ओट्यावर गेली, तरी ते बसलेले. मग ते बोलले, माझ्याकडे न पाहता.

"ह्याला दुसरा हात मारायलेत, वैनी."

पेंटरच्या भाषेत रंगाचा एक थर म्हणजे एक हात. पहिला हात मारला की खालचं दिसत राहतं. दुसरा हात सुरू असताना भिंत ठिगळासारखी दिसते, काही भाग झालेला, काही राहिलेला. अशा भिंतीला पाहून पेंटर कधी म्हणणार नाही की ही दुसरी भिंत आहे.

"चौथा न्हाई ह्यो. आर्धा झालेला पयला हाय." मग ते जरा हसले. "एकाच गड्याला मी तीन पोशाखात तीनदा उभा केला, आन् त्याच्या बायकूला येगळ्या घरातली म्हनलो."

"दोनदाच केलात. तिसरा आज सापडला."

"सोडताय का तुमी! डेस्कावर आसंच करायच्या का लोकांला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. मी निघायच्या तयारीत होते. मोठ्या बाईंनी त्यांना काय झालं ते सांगून ठेवलं होतं. ते भिंतीसमोर उभे राहून बोटाने मोजू लागले.

"आठ. म्या मनलंच व्हतं. ठरावात धा हायेत, बाई."

"चित्रं अकरा होतील, अध्यक्ष. नावं आठ."

"लोकं चित्रं मोजतेत का नावं?" त्यांनी फोन काढून पुढे धरला. "ह्ये बघा. धाच्या धा. रंग बघा काय एकेकाचा. आन् पेंटर, तुझा शिंजीर बी हाय बरं का ह्यात."

नमुन्यात शेवटच्या चौकटीत लालभडक गळ्याचा, हवेत थांबलेला हमिंगबर्ड होता. खाली नाव: सूर्यपक्षी, म्हणजे शिंजिराचंच दुसरं नाव. मी अध्यक्षांना म्हटलं, हा पक्षी आपल्या देशातच नाही.

"नसू द्या. दिसायला त्यासारखाच हाय. लेकरांला काय फरक पडतो?"

"आपला नियम काय आहे, अध्यक्ष?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आवारातून दिसलेलाच. हा तुम्हाला टाकीवर दिसला तर मी लावते फ्लेक्स."

अध्यक्ष चिडले. पण पहिली सही त्यांचीच होती त्या नियमावर. ते म्हणाले, "ठीक हाय. आठ तर आठ. पर सव्वीसला मी उभं ऱ्हाऊन सांगनार, धा ठरले व्हते आन् आठ झाले. मग केंद्रप्रमुख काय म्हनतेत ते म्हनू द्या. आन् ते बाकीचे दोन कवा?"

"दिसले की काढतो," भावजी म्हणाले.

"दिसले की म्हंजी?"

"म्हंजी आवारात दिसले की. तुमाला दिसले तर फोन मारा. ब्रश घिऊन येतो."

पूर्ण झालेली भिंत मी सव्वीस जानेवारीला पाहिली. शेवटच्या रांगेतल्या तीन चौकटींमधल्या दोन उभ्या रेघा गेल्या होत्या. तिथे एक लांब चौकट झाली होती, आणि तिच्यातून जास्वंदीची एकच फांदी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. फांदीवर आधी काळा नर, मग रेघवाला, मग ठिपक्यांचा. शेवटी, त्यांच्याकडे तोंड करून, मादी. खाली नाव एकदाच. दुकानाचं नाव लहान आणि पाटी लांब असली की अक्षरं पसरवून बसवायची असतात, ते कसब भावजींकडे होतं. सिनिरिस एशियाटिकस ही तिरकी रोमन अक्षरं चौघांच्या पायाखालून सारख्या अंतराने गेली होती. पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान, नियमाप्रमाणे. त्याखाली कुल. जुना मजकूर खरवडून तिथे नवा आला होता: काळा शिंजीर कुठेही जात नाही. दिवाळीच्या सुमारास तो पिवळा होतो, होळीपर्यंत पुन्हा काळा.

मला एकच शंका होती. वसतिगृहातल्या लेकरांना जुनी ओळ आवडायची, हे मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं. त्यांचे आई-बाप त्याच वेळी जातात आणि त्याच वेळी येतात. मी बाईंना विचारलं, ओळ गेल्याचं कोणी काही म्हणालं का? त्या म्हणाल्या, "विचारतात ना. तो गेला नव्हता, तर इथेच होता का, म्हणून. मी हो म्हणते. मग रोज टाकीपाशी जाऊन बघून येतात, किती काळा झाला ते."

अध्यक्षांनी शब्द पाळला. झेंडावंदनानंतर माईक हातात घेऊन दहाचे आठ झाल्याचं सांगितलं. आसपासच्या शाळांचं काम पाहणारे केंद्रप्रमुख भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी लांब चौकटीवर बोट ठेवून विचारलं, हे चार कसे? भावजी पुढे झाले नाहीत. मोठ्या बाईंनी त्यांना दंडाला धरून पुढे केलं. ते घसा साफ करून म्हणाले, "सायेब, ह्यो एकच हाय. एक बाईल, तीन येळा गडी. ह्यो ठिपक्याचा आजच्याला हितं बसलाय, झुडुपात. बघा." सगळे वळले. झुडुपात पक्षी नव्हता. अध्यक्ष मोठ्याने हसले. केंद्रप्रमुखही हसले. पण कार्यक्रम संपून लोक चहाकडे गेल्यावर ते एकटेच जास्वंदीसमोर थांबलेले मी पाहिले, आणि त्यांना पक्षी दिसला की नाही ते मला माहीत नाही.

भिंत राहिली. शेजारच्या दोन शाळांपैकी एकीने फ्लेक्स लावला. दुसरीने भावजींना बोलावलं, आणि तिथे मोठ्या बाईंचाच नियम लावला, त्यामुळे काम लवकर संपण्यासारखं नव्हतं. ती शाळा नदीच्या अंगाला आहे. तिथले पक्षी वेगळे. इकडे मार्चमध्ये भावजींना अध्यक्षांचा भल्या सकाळी फोन आला. "पेंटर, शाळेच्या तारंवर नीलकंठ बसलाय. मी हितंच थांबलोय, ये." नववी चौकट अशी वाढली. दहाव्यासाठी अध्यक्ष कधी कधी शाळेच्या कट्ट्यावर बसलेले दिसतात, असं धाकटी सांगते. कावळ्यावर त्यांचं आणि भावजींचं एकमत होत नाही. अध्यक्षांच्या मते तो पक्ष्यात धरू नये.

या दसऱ्यानंतर गावातून टोळ्या निघाल्या, त्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचे आवाज येत होते, कोणी तरी कोणाला भांडी मोजून घ्यायला सांगत होतं. तिच्या घराला कुलूप नव्हतं. भावजी नदीकाठच्या शाळेवर गेले होते, असं ती म्हणाली. पुढच्या वर्षीचं अजून काही ठरलेलं नाही, असंही म्हणाली. मग तिने आवाज बारीक केला, पक्षी ऐकेल अशा भीतीने असावा.

"आक्का, शेवग्यावर बसलाय. रंग उतरायला लागलाय त्याचा. पोटाखालून पिवळा निघायलाय. गळ्यापाशी तेवढा काळा ऱ्हायलाय."

मी म्हटलं, तेवढा राहणारच. बघत राहा.

"बघायलेच," ती म्हणाली. "यंदा सुरुवातीपासून बघायलेय."